पाच म्हणजे पाच

बरणीचं झाकण काही केल्या उघडेना. मी ओट्याकडे तोंड आणि नवऱ्याकडे पाठ करून उभी होते, म्हणजे त्याला माझा चेहरा दिसू नये. उजव्या मनगटातून कळ निघाली ती थेट कोपरापर्यंत गेली, तरी मी हूं की चूं केलं नाही. शेवटी जॅमची बरणी तशीच कपाटात सरकवली आणि म्हटलं, "आज ब्रेड कोरडाच खाऊ. उशीर होतोय."

"दे इकडे," तो म्हणाला.

"काय देऊ?"

"बरणी."

"मला जॅम नकोच आहे मुळी."

तेवढ्यात मागून सासूबाईंनी तोंड घातलंच. "हात धड नाही आणि निघाली गाड्या पळवायला. अगं, गेटवरचं टेबल देतायत ना तुला? पंख्याखाली बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्याला पास द्यायचे, चहा प्यायचा. कुणाच्या नशिबात असतं असं?"

"तुम्ही बसता का? टाकते मी शब्द."

सासूबाई फिसकन हसल्या. आमचं दोघींचं असंच चालतं. पण नवरा हसला नाही. तो कपाटातल्या त्या बरणीकडे बघत होता, आणि ते मला अजिबात आवडलं नाही.

मी टायरच्या कारखान्याच्या ट्रॅकवर टेस्ट ड्रायव्हर आहे. लोकांना वाटतं, आम्ही दिवसभर गाड्या उडवतो आणि वर पगार घेतो. या म्हणावं एकदा. कोरड्या रस्त्यावर ब्रेक दाबून दाबून पाय बधिर होतो, खडीवर हाडं खिळखिळी होतात, आणि साचलेल्या पाण्यात गाडी रस्ता सोडून पाण्यावर तरंगायला लागली की काळीज घशात येतं. गाडी किती अंतरात थांबली, किती वेगाला तरंगली, हे यंत्र अचूक सांगतं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण टायर सुटायच्या आधी इशारा देतो, की मुकाट्याने दगा देतो, ते हातांना आणि पाठीलाच कळतं. म्हणून प्रत्येक सेट चालवला की ड्रायव्हरने दहापैकी मार्क द्यायचे. यंत्राचा आकडा आणि ड्रायव्हरचे मार्क, दोन्ही जुळले तरच टायर बाजारात जातो, आणि मग त्यावर कुणाची तरी लेकरंबाळं बसतात.

इतकी वर्षं ओल्या ट्रॅकवर गरगर फिरले, कधी खरचटलंसुद्धा नाही. आणि मोडलं काय, तर मनगट, तेही घरी पडदा लावताना स्टुलावरून पडून! ट्रॅकवर हे सांगितलं तेव्हा सगळे इतके हसले की मीही हसले. प्लास्टर निघालं, मालीश झाली, व्यायाम झाले. आणि परत गेले तर माझ्या हातात पासांचं टेबल ठेवायची तयारी चाललेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आमच्या ट्रॅकचे प्रमुख म्हणजे मास्तर. आम्हा सगळ्यांना त्यांनीच शिकवलं, म्हणून मास्तर. ते शांतपणे म्हणाले, "ओरडू नकोस. एक दिवस देतो. ओल्या ट्रॅकवर, न सांगता."

न सांगता म्हणजे असं. सगळ्यात आधी रेफरन्सचा सेट चालवायचा. हा ओळखीचा, नेहमीचा सेट; बाकी सगळे टायर याच्याशी ताडून बघतात. तो ड्रायव्हरने माहीत असताना चालवायचा आणि मार्क द्यायचे. मग वेगवेगळे सेट लावतात, पण कुठला कधी ते ड्रायव्हरला सांगत नाहीत. चाकांवर काळ्या चकत्या बसवतात, ड्रायव्हर आतल्या खोलीत पाठमोरा बसतो. आणि मध्येच कधीतरी तोच रेफरन्स सेट पुन्हा लावतात. तेव्हा ड्रायव्हरने पहिल्याइतकेच मार्क दिले पाहिजेत. अर्ध्या मार्काचा फरक चालतो. त्याहून जास्त पडला तर टायर नापास होत नाही, ड्रायव्हर होतो.

मास्तरांशी यावर वाद घालायची कुणाची टाप नाही, कारण ते स्वतः याच परीक्षेत स्वतःहून उतरले होते. एके दिवशी त्यांच्या साताचे सहा झाले. कुणी काही बोलायच्या आत त्यांनी हातमोजे काढून टेबलावर ठेवले आणि परत कधी घातले नाहीत.

आणि आमच्या शेडमधला फिटर म्हणजे माझा नवरा. सगळे त्याला पान्या म्हणतात, कारण पाना हातात नसला की तो हरवल्यासारखा दिसतो. घरीही. त्या सकाळी गाडी गेटात शिरली तेव्हा मी त्याला बजावलं, "आज मला काहीही कळवायचं नाही. खोकायचं नाही, डोळा मारायचा नाही."

"मी कधी डोळा मारला तुला?"

"लग्नाआधी."

"तेव्हा तू पास झालीस ना?"

"गप्प बस आणि कान उघडे ठेव. मी पडले तर माझी मी पडेन. समजलं?"

"समजलं," तो म्हणाला. आता इतक्या पटकन समजलं म्हटल्यावर मला शंका यायला हवी होती.

ट्रॅकच्या दोन्ही कडांचे फवारे सुरू झाले. डांबरावर पाण्याचा पातळ थर बसला. मी मनगटाला पट्टी आवळून बांधली, वर हातमोजा चढवला आणि रेफरन्स सेटवर निघाले.

पहिलं वळण डावीकडचं, लांबलचक. गाडी आत घेतली आणि जीव भांड्यात पडला, कारण सगळं जिथल्या तिथे होतं. पुढची चाकं आधी जराशी सरकतात, तसं सांगतात, मग मागची निमूटपणे मागोमाग येतात. शहाणा टायर. फक्त एक गोष्ट त्रासदायक होती. हा सेट बराच वापरलेला, पुढच्या दोन टायरच्या कडा खडबडीत झालेल्या. त्यामुळे प्रत्येक वळणावर स्टिअरिंगमधून बारीक थरथर यायची. एरवी मला ती कळलीही नसती. त्या दिवशी ती मनगटात सुयांसारखी टोचत होती. तिसऱ्या फेरीत डोळ्यांतून पाणी आलं, पण पाणी बाहेर इतकं होतं की आतलं कोण बघतंय.

"मार्क?" वॉकीटॉकीवर मास्तर.

"सात. पुढे थोडी थरथर, बाकी नेहमीचा."

शेडमध्ये आले. नवऱ्याने दार उघडलं आणि मी उतरताना डावा हात टेकवून उतरले. फक्त एवढंच. पण त्याने ते पाहिलं. मी डोळे वटारले आणि आतल्या खोलीत जाऊन पाठमोरी बसले. मागे पाने खणखणायला लागले.

पुढचा सेट अगदी ताठर होता. सरळ रस्त्यावर राजा, वळणावर मात्र अचानक हात सोडून देणारा. दोन वेळा गाडी आडवी होता होता वाचली. मी साडेपाच दिले. त्याच्या पुढचा चांगला होता, साचलेल्या पाण्यातूनही नीट चालला. साडेसात दिले. माझी माझ्यावरची खात्री परत यायला लागली. मनगट ठणकत होतं, पण ठणकू दे म्हटलं, ठणकणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.

मग त्याच्या पुढचा सेट लागला. मी गाडीत बसले, पट्टा लावला. आणि टपावर दोनदा बोट वाजलं. टक, टक.

मी घरी चिडून दार लावून बसले की हा माणूस दारावर दोनदा बोट वाजवतो. त्याचा अर्थ, सगळं ठीक आहे, ये बाहेर. आधीच्या दोन सेटना त्याने टपाला हातसुद्धा लावला नव्हता. म्हणजे हा ओळखीचा, हाच रेफरन्स. मी खिडकीतून पाहिलं, तर साहेब पाना पुसत छताकडे बघत होते.

अस्सा राग आला! वाटलं, उतरावं आणि त्याच पान्याने त्याला सरळ करावं. मी इतके दिवस रात्रंदिवस बोटं हलवून, चेंडू दाबून, दातओठ खाऊन हात परत मिळवला, तो याने टिचकीसरशी भीक म्हणून वाटला. पण फवारे चालू होते, मास्तर वाट बघत होते, आणि उतरून सांगावं तर याची नोकरी. मी दात आवळले आणि निघाले.

पहिल्याच वळणावर माझा राग पळाला. स्टिअरिंग लोण्यासारखं हलत होतं. थरथर नाहीच. मनगटाला केवढा आराम! आणि वळणाच्या शेवटी मी गाडी सरळ करायला गेले, तर मागची बाजू माझ्या आधी निघाली. फार नाही, हातभर. मी सावरलं. दुसऱ्या फेरीत जरा हळू घेतलं, तरी तेच. पुढचं नको इतकं छान आणि मागचं सैल.

आता सांगा, करायचं काय? हा रेफरन्स आहे हे मला पक्कं ठाऊक. म्हणजे बरोबर उत्तर सात. सात म्हटलं की सीट माझी. आणि हात तर सांगतायत, सात नाहीत. मग हातच खोटे? सहा महिने अडगळीत पडलेला हात, त्यात सकाळी बरणी उघडत नव्हती. मास्तरांच्याही हातांना वाटलंच असेल ना, की आपलंच बरोबर? मी आणखी एक फेरी मारली, परवानगी न विचारता. डोकं बंद केलं आणि फक्त पाठीने ऐकलं. वळणाच्या शेवटी मागची चाकं पुन्हा निघाली. माझ्या मनाचा खेळ नव्हता तो, गाडीतच होतं ते.

"एक फेरी जास्त झाली," मास्तर म्हणाले. "मार्क?"

मी गेटवरचं ते टेबल डोळ्यांसमोर आणलं. त्यावरचा शिक्का, दोरीला बांधलेलं पेन, पंख्याची घरघर.

"पाच."

वॉकीटॉकी खरखरला.

"परत सांग."

"पाच. पुढचं गुळगुळीत, मागचं सैल. पाच म्हणजे पाच."

त्यानंतर एक सेट उरला होता, तोही चालवला, मार्क दिले. काय चालवलं ते विचाराल तर नीट आठवत नाही, पण मार्क नंतर यंत्राशी जुळले म्हणे. शेडमध्ये नवऱ्याने दार उघडलं, त्याचा चेहरा पांढराफटक. माझे मार्क शेडमधल्या स्पीकरवर सगळ्यांना ऐकू जातात. मी त्याच्याशी अवाक्षर बोलले नाही.

मास्तरांच्या खोलीत त्यांच्यासमोर आकडेवाली बसली होती. ही आमची तरुण इंजिनिअर, यंत्रांचं सगळं तीच बघते. मास्तरांनी मला बसायला सांगितलं. ते चष्मा पुसत होते, म्हणजे बातमी वाईट.

"चौथा सेट रेफरन्स होता," ते म्हणाले. "सकाळी सात, नंतर पाच."

"पाणी?" मी विचारलं. "वारा?"

आकडेवालीने मान हलवली. तिचं तोंड एवढंसं झालं होतं. "पकड मोजायची ट्रॉली मी दोन्ही वेळा फिरवली, ताई. ट्रॅक जसाच्या तसा आहे. हवेचा दाबही मीच तपासला, बरोबर होता."

"मग हात," मास्तर म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. "मला आनंद नाही होत हे सांगताना. माझ्यावर आलंय हे, मला माहीत आहे कसं लागतं."

"हात नाही," मी म्हटलं. "सकाळी पुढे थरथर होती. नंतर ती नव्हती. टायरच्या खडबडीत कडा काय आपोआप गुळगुळीत झाल्या? माझा हात बिघडला असता, तर थरथर जास्त लागली असती, कमी कशी लागेल? पुढचं सुधारलं आणि मागचं बिघडलं. मास्तर, हात असा वाटणी करून बिघडतो का?"

मास्तरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. ते काही बोलणार तेवढ्यात दारातून आवाज आला.

"मी केलं ते."

नवरा दारात उभा होता, हातात फडकं पिळत. रेफरन्स सेटचा नियम आमच्याकडे फार कडक. जो टायर ज्या कोपऱ्यावरून काढला, तो परत त्याच कोपऱ्यावर. त्यासाठी टायरच्या आतल्या बाजूला खडूची खूण करतात. इतकी वर्षं या माणसाने ती खूण कधी चुकवली नाही.

"पुढचे दोन मागे टाकले आणि मागचे पुढे," तो म्हणाला. "थरथरीने हिचं मनगट दुखत होतं. सकाळी बरणी उघडता येत नव्हती हिला. मला वाटलं, सेट तर तोच आहे, चारही टायर तेच आहेत. पुढचे गुळगुळीत असले तर हिला जरा सुख लागेल. एवढाच विचार केला मी."

"एवढाच," मास्तर म्हणाले. "झिजलेले मागे टाकलेस, पाण्यात. गाडी फिरली असती तर?"

आकडेवाली धावत शेडमध्ये गेली आणि धावत परत आली. खुणा उलट्या होत्या, जसं तो म्हणाला तसंच. तिच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. मास्तर हळूच मागे टेकले.

"म्हणजे तुझे पाच बरोबर होते," ते मला म्हणाले. "चार टायरांची अदलाबदल तू पाठीने ओळखलीस. आता परीक्षा कसली घ्यायची? सीट तुझी."

बस्स. एवढंच ऐकायला मी सहा महिने जगले होते. हसायचं, आभार मानायचे, बाहेर पडायचं, आणि नवऱ्याशी काय ते घरी बघायचं. मी उठले. दारापर्यंत गेलेसुद्धा. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याच्या डोळ्यांत मला दिसलं, की टकटकीचं तो बोलणार नाही, कारण ती सांगितली तर माझं मिळालेलं जाईल. मूग गिळून बसणार होता माझ्यासाठी. मग मलाच राहवेना.

"मास्तर, एक राहिलं. हा रेफरन्स आहे, हे मला ठाऊक होतं."

"म्हणजे?"

"याने टपावर बोट वाजवलं. मला कळलं. म्हणजे न सांगता घेतलेली परीक्षा ही नव्हेच."

मास्तर माझ्याकडे बघतच राहिले.

"तुला ठाऊक होतं," ते सावकाश म्हणाले, "की उत्तर सात आहे."

"हो."

"सात म्हणाली असतीस तर काम झालं असतं."

"हो."

"मग पाच का दिलेस?"

काय प्रश्न झाला हा! मला एकदम रडूच फुटलं, रागाचं, दमलेलं, सगळं मिळून. "पाच होते म्हणून!" मी ओरडले. "पाच होते, म्हणून पाच दिले. नाहीतर कशाला मार्क मागता?"

मास्तरांनी पुन्हा चष्मा काढला, पण या वेळी पुसला नाही, नुसता हातात धरून बसले. मग म्हणाले, "उद्या सगळं परत घेणार, पहिल्यापासून. आजचा दिवस रद्द. आणि हा," त्यांनी नवऱ्याकडे बोट केलं, "शेडमध्ये दिसता कामा नये. पुढचा महिनाभर हा फवारे सांभाळेल. भिजू दे चांगला."

"परत घ्या," मी नाक पुसत म्हटलं. "दहा वेळा घ्या."

दुसऱ्या दिवशी परक्या फिटरने टायर लावले, टपाकडे कुणी फिरकलंही नाही. पहिल्या सेटमध्ये तीच थरथर, मनगटात त्याच सुया. मी सात दिले. मग सेट येत गेले, मी चालवत गेले, दातावर दात ठेवून, प्रत्येक वळणाला जे मिळालं ते सांगत. ट्रॅकच्या कडेला एक माणूस नखशिखांत भिजून नळ फिरवत होता. दर फेरीला तो मला दिसायचा आणि दर फेरीला पाठ करून उभा राहायचा, मला काही कळू नये म्हणून. त्याच्या त्या ओल्या पाठीचं मला हसू आलं आणि भरूनही आलं. रेफरन्स दुसऱ्यांदा कधी येऊन गेला, ते मला कळलंसुद्धा नाही.

संध्याकाळी वॉकीटॉकीवर मास्तरांचा आवाज आला. "सात आणि सात. ती सीट तुझ्या उंचीला लावून घे, कुणीतरी फार मागे सरकवलीय."

घरी आलो तेव्हा सासूबाईंना त्याच्या शिंकांवरूनच सगळं कळलं. "काय रे, ती ड्रायव्हर आणि भिजलास तू?" त्या म्हणाल्या आणि टॉवेल आणायला गेल्या. तो स्टुलावर बसला, मुकाट. कालपासून आम्ही कामापुरतंच बोललो होतो.

मी कपाट उघडलं. मनगट सुजून टम्म झालं होतं. बरणी काढली आणि त्याच्यासमोर धरली.

"उघड."

तो माझ्याकडे बघत राहिला. हात पुढे करायचा धीर त्याला होईना.

"उघड ना. माझ्याच्याने होत नाही. दुखतंय." इतक्या दिवसांत हे मी पहिल्यांदाच म्हटलं. "इथे उघडायची. तिथे नाही."

त्याने बरणी घेतली, फडक्याने झाकण पुसलं आणि एका झटक्यात उघडून माझ्या डाव्या हातात दिली.